फिलिपिनो माणसाची फुरसत: आळसाच्या आरोपापासून आनंदाच्या क्रमवारीपर्यंत

फिलिपिनो लोकांची फुरसत, आनंद आणि आरोग्य यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे तपासू जाणाऱ्याला दोन ठोकळेबाज प्रतिमा आडव्या येतात. जुनी प्रतिमा सांगते की हा माणूस आळशी आहे. नवी सांगते की हा माणूस कमरेएवढ्या पुरातही हसतो. दोन्ही प्रतिमा राज्यकर्त्यांच्या सोयीच्या आहेत. एकीमुळे वेठबिगारीला सबब मिळते, दुसरीमुळे मदत पोचली नाही तरी चालते. 2013 च्या हैयान वादळानंतर ‘आमच्या सोशिकतेचे कौतुक पुरे’ असा सूर तिथेच उमटू लागला, तो यामुळेच.

आळसाचा आरोप स्पॅनिश राजवटीतला. त्याला सर्वांत गाजलेले उत्तर फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष मानले जाणारे लेखक होसे रिझाल यांनी दिले. माद्रिद येथील ‘ला सोलिदारिदाद’ या पाक्षिकात 1890 च्या जुलै ते सप्टेंबर या काळात त्यांची लेखमाला आली. रिझाल डोळ्यांचे डॉक्टर होते आणि लेखमालेची मांडणीही रोगनिदानासारखीच आहे. आळस नाहीच, असे ते म्हणत नाहीत. तो आहे, पण जन्मजात नाही, जडलेला आहे. तो दुर्दशेचे कारण नसून परिणाम आहे, असे त्यांचे म्हणणे. उष्ण हवेत कोणीच थंड प्रदेशातल्यासारखा राबत नाही, आणि नावे ठेवणारा युरोपीय माणूस स्वतः मात्र नोकरांच्या गराड्यात गाडीतून फिरतो, हा टोलाही त्यांनी हाणला. पुरावा म्हणून त्यांनी स्पॅनिश येण्याआधीच्या भरभराटीच्या व्यापाराची जुनी वर्णने काढली. त्याच्या थोडेच आधी त्यांनी आंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या फिलिपिन्सवरील 1609 च्या इतिहासग्रंथाची टीपांसह नवी आवृत्ती पॅरिसमध्ये छापून घेतली होती, त्यामुळे हे साहित्य त्यांच्या हाताशीच होते.

मग रोग जडला कशाने? 16 ते 60 वयाच्या पुरुषांना वर्षाकाठी 40 दिवस सक्तीची मजुरी करावी लागे. जंगलात लाकूडतोड, जहाजबांधणी, रस्ते. पैसे भरू शकणारा सुटे, गरीब अडके. 1884 मध्ये हे दिवस 15 वर आले. पिकवलेले आपल्याच घरात येईल याची खात्री नसेल, तर शेतकऱ्याने हात का चालवावेत? रिझाल यांचा हा प्रश्न आजही कुठल्याही ‘कामचुकार’ जमातीबद्दल विचारता येईल.

फुरसतीलाही वरूनच आकार दिला गेला. विखुरलेल्या वस्त्या धर्मगुरूंनी चर्चच्या घंटेच्या टप्प्यात आणून वसवल्या. प्रत्येक गावाला एक संत मिळाला आणि त्याच्या नावाचा ‘फिएस्ता’. आपल्याकडच्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखाच, दारात येईल त्याला जेवू घालणारा. कोंबड्यांची झुंज, म्हणजे ‘साबोंग’, मात्र त्याआधीपासूनची. मॅगेलनच्या मोहिमेतल्या पिगाफेट्टाने 1521 मध्ये पलावान बेटावर तिची नोंद केली आहे. स्पॅनिश सरकारने ती बंद केली नाही, तिच्यावर महसूल मिळवला. रिझाल यांच्या कारणांच्या यादीत या जुगाराला मिळालेले उत्तेजनही आहे. 1974 च्या कायद्याने साबोंग रविवार, सार्वजनिक सुट्ट्या आणि फिएस्ता यांपुरती मर्यादित ठेवली. महासाथीत ती ऑनलाइन फोफावली आणि मे 2022 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांना ऑनलाइन साबोंग थांबवावी लागली.

स्पेननंतर सत्तेवर आलेल्या अमेरिकनांनी आरोग्याची भाषा आणली. शाळेतली कवायत, बेसबॉल, वायएमसीएची व्यायामशाळा. खेळाने साबोंगचा नाद सुटेल, अशी त्यांची आशा होती. 1913 मध्ये मनिलात सुदूर पूर्वेच्या पहिल्या क्रीडास्पर्धा भरल्या. साबोंग काही सुटली नाही, पण बास्केटबॉलने देश व्यापला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये फिलिपिन्स पाचवा आला, 1954 च्या जागतिक स्पर्धेत तिसरा. आज वस्तीतले बास्केटबॉलचे छप्परबंद मैदान म्हणजेच सभागृह, लसीकरण केंद्र आणि वादळातला निवारा. ते बांधून देणाऱ्या पुढाऱ्याचे नाव त्यावर ठसठशीत असते.

हक्काची विश्रांती उशिरा आली. आठ तासांच्या कामाचा कायदा 1939 चा. 1974 च्या कामगार संहितेत आठवड्याची सुट्टी आणि वर्षभराच्या नोकरीनंतर पाच दिवसांची पगारी रजा आली. त्याच संहितेने परदेशी नोकऱ्यांची सरकारी यंत्रणाही उभी केली. आज हाँगकाँगमध्ये रविवारी सेंट्रल भागातल्या रस्त्यांवर पुठ्ठे अंथरून बसलेल्या फिलिपिनो घरकामगार बायका दिसतात. डबे, पत्ते, नाच, घरी व्हिडिओ कॉल. मालकिणीच्या घरात स्वतःची खोली नसेल, तर सुट्टी रस्त्यावरच घालवावी लागते.

खुद्द मनिलात बागा तुटपुंज्या. ती उणीव 1970 नंतर मॉलनी भरून काढली, निदान वातानुकूलित हवेपुरती. पडद्यावरचे शब्द वाचत गाण्याचे व्हिडिओके यंत्र तर गल्लीबोळात पोचले. पुढे महासाथीत घरून शाळा भरू लागल्या, तेव्हा अनेक ठिकाणी दिवसा त्यावर बंदी घालावी लागली.

या सगळ्यात सोबत भरपूर आहे, आणि आनंदाचा मोठा भाग तिथूनच येत असावा. जागतिक आनंद अहवालात 2024 मध्ये फिलिपिन्स 53 वा होता, कितीतरी श्रीमंत देशांच्या पुढे. पण शरीराचा हिशेब वेगळा निघतो. 2016 च्या आकडेवारीवर आधारलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात पुरेशी हालचाल न करणाऱ्या किशोरवयीन मुलग्यांचे प्रमाण फिलिपिन्समध्ये सर्वाधिक, सुमारे 93 टक्के निघाले. गल्लोगल्ली बास्केट टांगलेल्या देशात!

आळसाचा जुना आरोपही गेलेला नाही. नाक्यावर रेंगाळणाऱ्या बेकारांना तिथे ‘तांबाय’ म्हणतात. नुसते भटकणे हा गुन्हा 2012 मध्ये कायद्यातून काढला गेला, तरी जून 2018 मध्ये दुतेर्ते यांच्या आदेशावरून पोलिसांनी हजारो तांबायांची धरपकड केली. दुसरीकडे, 2007 पासून काही सुट्ट्या सोमवारी सरकवून जोडसुट्ट्या केल्या गेल्या, देशांतर्गत पर्यटन वाढावे म्हणून. सरकारने जाहीर केलेल्या ‘विशेष’ सुट्टीला मात्र काम नाही तर मजुरी नाही, हा नियम आहे. त्यामुळे नोकरदार समुद्रकिनारी जातो तेव्हा रोजंदारीवाल्याचा खाडा पडतो.