मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स लहान कॅमेऱ्यावर

जर्मनीतील ड्रेस्डेनमध्ये तयार होणारा पेंटाकॉन सिक्स हा कॅमेरा १२० या रुंद फिल्मवर सुमारे ५६ मिमी चौरस चित्र टिपत असे. ३५ मिमी फिल्मवरचे चित्र मात्र ३६ × २४ मिमी एवढेच असते. येना येथील कार्ल झाइसने या मोठ्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली ८० मिमीची बायोमेटार लेन्स निकॉनच्या जुन्या, ३५ मिमी फिल्मच्या एसएलआरवर (आरशातून लेन्सचेच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर) अडॅप्टरने बसवता येते, पण निकॉनची लेन्स पेंटाकॉन सिक्सवर बसवून दूरचे दृश्य फोकस करता येत नाही.

याचे कारण लेन्स बसवण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतच्या अंतरात आहे. पेंटाकॉन सिक्समध्ये ते ७४.१ मिमी, तर निकॉनमध्ये ४६.५ मिमी असते आणि मधले २७.६ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजेच अडॅप्टर. त्यात काच नसल्यामुळे चित्राचा दर्जा घसरत नाही, पण जाडी मात्र काटेकोर हवी: नळी ०.१ मिमीने जाड झाली, तर फोकसचे कडे अनंताच्या खुणेवर नेऊनही ८० मिमीची लेन्स जेमतेम ६४ मीटरवरचे दृश्य नेमके दाखवते आणि पलीकडचा डोंगर धूसर येतो.

लेन्सचे नाभीय अंतर (तिच्या नावातला मिमीचा आकडा) कॅमेऱ्यानुसार बदलत नाही, हे अनेकांना खरे वाटत नाही. ८० मिमी हे ८० मिमीच राहते. चौकट लहान झाल्यामुळे कर्णावरचा दृश्यकोन सुमारे ५३ अंशांवरून ३० अंशांवर येतो, म्हणून ही लेन्स व्यक्तिचित्रांसाठी उत्तम ठरते. मोठ्या कॅमेऱ्यावर विस्तृत दृश्य देणारी ५० मिमीची फ्लेक्टोगॉन लेन्स ३५ मिमीच्या कॅमेऱ्यावर साधारण दृश्यकोनाची, वजनदार आणि एफ/४ इतकीच उजळ असते. नेहमीच्या छायाचित्रणासाठी ती घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

तिचे खरे मोल वेगळे आहे. तिचे प्रकाशवर्तुळ, म्हणजे ती फिल्मच्या जागी पाडते ते प्रकाशाचे वर्तुळ, किमान ७९ मिमी व्यासाचे असल्यामुळे चौकटीबाहेर बराच प्रकाश पडतो. तो आरशाच्या पेटीच्या भिंतींवरून परावर्तित होऊन चित्र फिके करतो, म्हणून लेन्सपुढे खोल हूड (बाजूचा प्रकाश अडवणारे आवरण) आवश्यकच आहे. पण लेन्स वर सरकवू देणारा शिफ्ट अडॅप्टर लावला, तर हाच जादा प्रकाश उपयोगी पडतो: कॅमेरा सरळ ठेवूनही उंच इमारतीचा माथा चौकटीत येतो आणि तिच्या उभ्या कडा वर एकमेकींकडे झुकत नाहीत. चौकट आडवी असताना हिशेबाने लेन्स सुमारे २३ मिमी वर सरकवता येते. प्रत्यक्षात अडॅप्टरची कड आणि आरशाची पेटी त्याआधीच प्रकाश अडवू लागतात, त्यामुळे फिल्म भरण्यापूर्वी कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडून, शटर उघडे धरून चौकटीचे चारही कोपरे तपासावेत.