ताबा एका वाटेने, पोटगी दुसऱ्या

विभक्त झाल्यावर आई ऐरोलीत, वडील खारघरला. दोघंही पत्ता ‘नवी मुंबई’ असाच सांगतात. पण ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहे आणि खारघर रायगडात. मुलाच्या ताब्याचा अर्ज कुठे करायचा हे त्या पत्त्यावर ठरत नाही, मूल सामान्यतः कुठे राहतं त्यावर ठरतं. पालक व पाल्य अधिनियमाचं कलम 9 तसं सांगतं. अर्जाच्या महिनाभर आधी मुलाला दुसऱ्या घरी हलवणारे इथेच अडकतात, कारण शाळेचा प्रवेश, डॉक्टरांचे कागद आणि लसीकरणाचं कार्ड जुनाच पत्ता दाखवतात.

हा अधिनियम 1890 चा. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाला आणि त्याच्या मालमत्तेला पालक नेमणं हे त्याचं मूळ काम, आणि त्यात बापाचं स्थान पहिलं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने ‘आधी वडील, त्यांच्या नंतर आई’ हा क्रम ठेवला, पण पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहील असंही म्हटलं. त्यातून एक गैरसमज रुजला, की पाचवा वाढदिवस झाला की ताबा आपोआप वडिलांकडे. तसं काही होत नाही. त्याच कायद्याचं कलम 13 मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं. लेखिका गीता हरिहरन यांच्या मुलाच्या नावावरच्या रोख्यांचा अर्ज, पालक म्हणून आई चालणार नाही म्हणून, रिझर्व्ह बँकेकडे अडला, तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1999 मध्ये ‘नंतर’ म्हणजे केवळ ‘मृत्यूनंतर’ नव्हे, ‘वडिलांच्या गैरहजेरीत’ असाही, असा अर्थ लागला. 1890 च्या कायद्यात आईचा उल्लेख बरोबरीने यायला मात्र 2010 ची दुरुस्ती लागली.

पोटगी आली ती फौजदारी कायद्यातून. टाकलेल्या बायकामुलांवर रस्त्यावर येण्याची पाळी येऊ नये, एवढाच तिचा हेतू. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 488 खाली कमाल रक्कम महिन्याला 50 रुपये होती. 1923 मध्ये 100 आणि 1955 मध्ये 500 झाली. 1973 च्या संहितेतलं कलम 125 तोच आकडा घेऊन आलं आणि केंद्रीय कायद्यातली ही मर्यादा थेट 2001 मध्ये उठली. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे.

ठाण्यासारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय दोन्ही अर्ज ऐकतं, ही 1984 च्या कायद्याची देणगी. अर्ज तरीही दोन, आणि हिशेबही दोन. पैसे थकले म्हणून भेट अडवता येत नाही, भेट नाकारली म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. असा ‘जशास तसा’ न्याय घरी करणारा पालक पुढच्या तारखेला स्वतःचीच बाजू पातळ करून येतो.

रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने घडी बसवली: दोघांनी मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून. पगारातून प्राप्तिकर वजा होतो. हौसेने घेतलेल्या गाडीचा हप्ता दाखवून आकडा कमी करून मिळेल, ही आशा सहसा फोल ठरते. आई कमावती असेल तर तिचाही वाटा धरतात. 2000 च्या पद्मजा शर्मा प्रकरणात तो दोनास एक असा ठरला, वडिलांचे दोन. थकबाकी वसूल करण्याच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि तुरुंगवास भोगला म्हणून बाकी फिटत नाही.

भेटीच्या आदेशात ‘परस्पर ठरवून’ असं लिहिलं की भांडण ठरलेलंच. वार, घ्यायची-सोडायची वेळ आणि जागा, गणपती-दिवाळीची वाटणी, मे महिन्याच्या सुट्टीतले मुक्काम, व्हिडिओ कॉलची वेळ, शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, सगळं लिहून घ्यावं. विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, पण 1890 आणि 1956 चे कायदे त्याप्रमाणे बदलले गेले नाहीत. त्यामुळे अशी व्यवस्था आजही बहुतेक संमतीच्या अटींवरच, म्हणजे दोघांनी मिळून न्यायालयात मान्य केलेल्या अटींवरच, उभी राहते. त्या अटींत जूनमध्ये वाढणाऱ्या फीचं कलम हमखास राहून जातं. आणि घटस्फोट लवकर मिळावा म्हणून आईने मुलाची पोटगी ‘सोडून दिली’ असेल, तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही. तो अर्ज पुढेही करता येतो.