हौरामान

हौरामान (फारसीत उरामानात) हा झाग्रोस पर्वतातला कुर्दी मुलूख. इराणचे कुर्दिस्तान आणि केर्मानशाह हे प्रांत व सीमेपलीकडील इराकचा हलब्जा भाग यांत तो विभागला आहे. इथली हौरामी बोली गोरानी गटातली. सोरानी ही मोठी कुर्दी बोली बोलणाऱ्या शेजाऱ्याला ती सहज उमगत नाही.

सपाट जागा इथे जवळजवळ नाहीच. त्यामुळे गावे उतारावर उतरंडीसारखी रचलेली : खालच्या घराचे माळवद तेच वरच्या घराचे अंगण. त्यावर मुले खेळतात, बायका बसतात. पाऊस-बर्फानंतर दगडी रूळ फिरवून माती पुन्हा दाबावी लागते. भिंती चुना-मातीविना नुसत्या दगडांच्या. कोकणातला गडगा पाहिलेल्याला हे काम ओळखीचे वाटेल, फक्त इथे त्याच रीतीने दुमजली घर उभे राहते. तळाला गुरे, वर माणसे. अक्रोड, डाळिंब, अंजीर, तुतीच्या बागाही दगडी बांधांच्या टप्प्यांवर. उन्हाळ्यात कुटुंबे गुरांसह वरच्या ‘हवार’ वस्त्यांवर मुक्कामाला जातात.

जमिनीचे मोल इथे जुनेच. १९०९ च्या सुमारास एका गुहेत तीन चर्मपत्रे सापडली, दोन ग्रीक व एक पार्थियन या प्राचीन इराणी भाषेतले; सर्वांत जुने इ.स.पू. पहिल्या शतकातले. त्यांत राजाज्ञा वा स्तोत्रे नाहीत, तर द्राक्षमळ्याचे खरेदीखत आहे!

हौरामान-तख्त हे परिसरातले मोठे ठिकाण. ऐन हिवाळ्यात इथे पीर शालियारचा उत्सव भरतो. त्याचे आवतण म्हणजे घरोघर वाटलेले अक्रोड. मग बळी दिले जातात, त्या मांसाचा रस्सा गावभर वाटतात आणि डफाच्या तालावर पुरुष हातात हात गुंफून डुलतात. बुखाऱ्याच्या मुक्या राजकन्येला पीराने वाचा दिली व तिच्याशी लग्न केले, अशी आख्यायिका आहे.

सिरवान नदीकाठचे हजीज ‘कलाश’साठी नावाजलेले. हे पांढऱ्या सुती विणीचे, घट्ट ठोकलेल्या चिंध्यांच्या तळाचे पायताण. डावे-उजवे असा भेद त्यात नसतो. गावाजवळचा कानी-बेल झरा कड्यातून उसळून काही पावलांतच नदीला मिळे. दारयान धरणाचे पाणी २०१५ च्या सुमारास चढले, तेव्हा विरोध होऊनही तो बुडाला. हौरामानचा भूप्रदेश, त्यातल्या बारा गावांसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला तो २०२१ मध्ये.