तपासणीविना ठेवलेला गट : गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील तीन अभ्यासांची पार्श्वभूमी

मानवी सहभागींवरील संशोधनाच्या नीतिनियमांचा इतिहास सांगताना 1947 ची न्यूरेंबर्ग संहिता आणि 1964 चा हेलसिंकी जाहीरनामा यांपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. भारतातील आजच्या वादांना मात्र त्याहून जवळचा संदर्भ आहे. 1998 ते 2000 या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात आणि तमिळनाडूतील दिंडीगल जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयी तीन मोठे अभ्यास सुरू झाले. तिन्हींत मिळून 1,38,624 स्त्रिया नियंत्रण गटात, म्हणजे तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या गटात होत्या. त्यांना आजाराविषयी माहिती देण्यात आली, तपासणी देण्यात आली नाही, आणि प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी 254 स्त्रिया याच कर्करोगाने दगावल्या.

ज्या तपासणीची परिणामकारकता मुंबईत आणि दिंडीगलमध्ये अजमावायची होती, तिला महागडे यंत्र लागत नव्हते. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातील व्हिनेगर, लावायचे, सुमारे मिनिटभर थांबायचे आणि प्रखर दिव्याच्या उजेडात पांढरट डाग उमटतो का, ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. मुंबईत हे काम जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या, पण त्यासाठी खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केले, दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्यांत. उस्मानाबादची रचना अधिक गुंतागुंतीची होती. तेथे गावांचे 52 समूह पाडून त्यांची चार गटांत विभागणी झाली : एका गटाला हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्याला पेशींची पॅप चाचणी, तिसऱ्याला वरील दृश्य तपासणी, आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही.

त्या काळात अशा अभ्यासावर कायद्याची पकड कितपत होती, हे पाहण्यासारखे आहे. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच देखरेख समितीची तरतूद होती आणि तिच्या आधारे 1998 च्या डिसेंबरात प्राणिप्रयोगांचे सविस्तर नियमही आले. प्रयोगानंतर प्राण्याच्या देखभालीची आणि पुनर्वसनाची जबाबदारी संशोधन करणाऱ्यांवर आहे, हे तत्त्वही पुढे मान्य झाले. माणसांच्या बाबतीत मात्र 1980 चे एक धोरणनिवेदन आणि 2000 ची मार्गदर्शक तत्त्वे एवढाच आधार होता, आणि दोन्हींमागे कायद्याचे बळ नव्हते. औषधांच्या चाचण्यांचे नियम 2005 मध्ये कडक झाले खरे, पण ते नव्या औषधांपुरते. व्हिनेगर आणि दिवा हे औषध नसल्यामुळे अशी तपासणी त्यांच्या कक्षेत येत नव्हती. 1998 सालच्या मुंबईत प्रयोगशाळेतील सशाला कायद्याचे जे कवच होते, ते झोपडपट्टीतील स्त्रीला नव्हते, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

वादाचे मूळ नियंत्रण गटाविषयीच्या निर्णयात आहे. अभ्यास करणाऱ्यांची भूमिका थोडक्यात अशी होती : देशात तपासणीचा कोणताही सार्वजनिक कार्यक्रम नाही, त्यामुळे या स्त्रियांना एरवी जे मिळाले असते तेच नियंत्रण गटाला मिळत आहे, कोणाकडून काही काढून घेतलेले नाही. पॅप चाचणीसाठी प्रयोगशाळा, पेशी ओळखणारे तज्ज्ञ आणि पुन्हा पुन्हा तपासणी लागते, आणि ते ग्रामीण भारताला झेपणारे नाही. स्वस्त पर्याय खरोखर जीव वाचवतो का, हे तपासणी न झालेल्या गटाशी तुलना केल्याशिवाय शासनाला पटवून देता येणार नाही. हा युक्तिवाद नवा नव्हता. गरोदर स्त्रीकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण झिडोवुडिन या औषधाने बरीच कमी होते, हे 1994 मध्ये सिद्ध झाल्यानंतरही आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये निष्क्रिय गोळी देऊन अभ्यास सुरू राहिले. त्यावरून 1997 मध्ये जगभर वादळ उठले, तेव्हाही बचाव हाच होता. त्या वादाच्या पार्श्वभूमीवर 2000 मध्ये हेलसिंकी जाहीरनाम्यात सुधारणा झाली, आणि नव्या पद्धतीची तुलना सर्वोत्तम प्रचलित पद्धतीशीच व्हावी, जेथे सिद्ध पद्धत अस्तित्वातच नाही तेथेच ‘काहीच नाही’ असा गट ठेवता येईल, असे त्यात म्हटले गेले. 2002 च्या एका स्पष्टीकरणाने त्याला थोडी सूट दिली. मात्र तोवर भारतातले तिन्ही अभ्यास सुरू झालेले होते.

पॅप चाचणी ही सिद्ध पद्धत होती, याविषयी दुमत नव्हते. ज्या देशांनी ती नियमितपणे राबवली तेथे या कर्करोगाचे मृत्यू कित्येक दशकांपूर्वीच घटले होते. ती येथे अशक्य होती, या दाव्याला उस्मानाबादच्याच आकड्यांनी छेद जातो, कारण त्याच जिल्ह्यात, त्याच काळात 32,058 स्त्रियांच्या गटासाठी पॅप चाचणीची सोय केली गेली होती. उलट बाजूचे म्हणणेही नोंदवले पाहिजे : 2009 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा या गटातील मृत्यू नियंत्रण गटापेक्षा लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे दिसले नाही, दृश्य तपासणीच्या गटातही नाही. फरक पडला तो एचपीव्ही चाचणीने, त्या गटात 34 मृत्यू आणि नियंत्रण गटात 64. पण पॅप चाचणीची ती एकच फेरी होती आणि एका फेरीतून पॅपची कसोटी लागते, असे तिचे पुरस्कर्तेही कधी म्हणत नव्हते. शिवाय अभ्यासाच्या शेवटी कळलेली गोष्ट अभ्यासाच्या सुरुवातीचा निर्णय योग्य ठरवू शकत नाही. 2007 मध्ये दिंडीगलमधून मृत्यूंत 35 टक्के घट आणि 2013 मध्ये मुंबईतून 31 टक्के घट जाहीर झाली, तेव्हा कौतुकाच्या गदारोळात हा मुद्दा जवळजवळ बुडून गेला.

संमतीचा प्रश्न याला चिकटूनच येतो. नियंत्रण गटातील स्त्रीने कशाला होकार दिला, आणि आपल्याला न मिळणारी तपासणी अस्तित्वात आहे हे तिला कितपत कळले होते? मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकी सरकारचा निधी होता, म्हणून तक्रारीनंतर तेथील सहभागी संरक्षण कार्यालयाला चौकशी करता आली आणि पर्यायांची पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असे त्या कार्यालयाने नोंदवले. इतर दोन अभ्यासांचा निधी खासगी असल्याने ते त्याच्या अधिकारकक्षेबाहेर राहिले. म्हणजे मुंबईतील स्त्रियांच्या संमतीचा जाब विचारला गेला तो परदेशातून, आणि तोही पैसा कोणाचा होता यावरून.

देशातले लक्ष तेव्हा दुसरीकडे होते. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि 2010 मध्ये थांबवला गेला. आंध्र प्रदेशातील 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 पत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या असल्याचे पुढे उघड झाले. संसदीय समितीचा अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयातील जनहित याचिका यांच्या रेट्याने 2013 मध्ये एथिक्स कमिट्यांची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समित्यांची नोंदणी, भरपाईचे सूत्र आणि संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण आले. या सगळ्या तरतुदी पुन्हा औषधचाचण्यांपुरत्याच होत्या. औषधाशी संबंध नसलेल्या आरोग्य संशोधनाच्या समित्यांची नोंदणी सक्तीची झाली ती 2019 च्या नियमांनी, म्हणजे उस्मानाबादला पहिली नावनोंदणी झाल्यानंतर सुमारे 20 वर्षांनी.

दरम्यान 2016 मध्ये केंद्राने 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी दृश्य तपासणीचा आराखडा जाहीर केला, आणि कार्यक्रमच नाही हे जुने कारण निदान कागदावर संपले. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र 30 ते 49 वयोगटातील शंभरातल्या दोन स्त्रियांचीही ही तपासणी कधी झालेली आढळली नाही. त्यामुळे एचपीव्ही चाचणीचा एखादा नवा अभ्यास आज मांडायचा झाला, तर एथिक्स कमिटीपुढे पुन्हा तोच पेच येतो : नियंत्रण गटाला आराखड्यात लिहिलेले द्यायचे, की त्या गावात प्रत्यक्ष मिळते तेवढेच. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा कल पहिल्या उत्तराकडे आहे, पण अशा अभ्यासाचा खर्च उचलणाऱ्याला दुसरे उत्तर नेहमीच स्वस्त पडते.