मुंबईतील मायक्रो-बजेट राजकीय थरारपटांची समीक्षा

स्टुडिओचे किंवा मोठ्या निर्मितीसंस्थेचे पाठबळ नसताना मुंबईत तयार होणाऱ्या आणि निवडणूक, पोलीस, भूखंड, वृत्तपत्र यांभोवती रहस्य विणणाऱ्या चित्रपटांना समीक्षकांकडून मिळणारा प्रतिसाद. ‘मायक्रो-बजेट’ची रकमेतली सीमा इथल्या धंद्यात कोणी आखलेली नाही. पण ओळख सोपी आहे : कॅमेऱ्याचे भाडे, गाड्या, जेवण आणि डबिंग भागवता भागवता पैसे संपतात, प्रसिद्धीला काही उरत नाही. म्हणून परीक्षण हीच त्याची जाहिरात. मोठा चित्रपट वाईट परीक्षण पचवतो. याच्याबद्दल कोणी काहीच लिहिले नाही, तर तो आला कधी आणि गेला कधी हेही कळत नाही.

परीक्षणे तीन वेळा येतात : महोत्सवात, प्रदर्शनाच्या शुक्रवारी आणि ओटीटीवर. पुष्कळदा तिन्ही वेळी चित्रपट तोच नसतो. महोत्सवातील खेळांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून प्रमाणपत्राची सूट मिळू शकते. थिएटरसाठी मात्र सेन्सॉर बोर्डाकडे जावेच लागते. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ५ब मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान असे आक्षेपाचे आधार दिलेले आहेत, आणि राजकीय कथानक त्यांच्या आसपासच वावरत असते. आधी बोर्डाची परीक्षण समिती, मग पुनर्विलोकन समिती, आणि तिथेही पटले नाही तर उच्च न्यायालय. मधला अपील लवाद २०२१ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून कात्रीविरुद्ध भांडायचे तर वकिलाची फी आधी मोजावी लागते. बहुतेक निर्माते ती मोजण्यापेक्षा शब्द म्यूट करतात. विनोदी चित्रपटात एक शब्द गेला तर विनोद जातो. थरारपटात तोच शब्द धागा असतो. पक्षाचे किंवा खात्याचे नाव गाळले की कोण कोणाला वाचवतो आहे हे प्रेक्षकाला कळत नाही, आणि परीक्षणात ‘पटकथा गोंधळलेली’ असे छापून येते. महोत्सवात तोच प्रसंग ‘धारदार’ ठरलेला असतो.

कालक्रमही महत्त्वाचा. ‘ब्लॅक फ्रायडे’ लोकार्नो महोत्सवात २००४ मध्ये दाखवला गेला, पण तो ज्यावर आहे त्या १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल बाकी असल्याने अडकला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये थिएटरात आला. ‘कोर्ट’ (मायक्रो-बजेट नव्हे आणि थरारपटही नव्हे) याची गत उलटी : सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार, मार्च २०१५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १७ एप्रिलला प्रदर्शन. लिहिलेले ताजे असतानाच तिकीट उपलब्ध होते. अगदी छोट्या चित्रपटांना हा क्रम क्वचित साधतो. महोत्सवातील कौतुक आणि प्रदर्शन यांत वर्षभराचे अंतर पडले की समीक्षक दुसऱ्यांदा लिहीत नाही आणि वाचकाला पहिले आठवत नाही.

प्रेस शो, म्हणजे समीक्षकांसाठीचा खेळ, साधारण बुधवारी-गुरुवारी, जुहू, अंधेरी किंवा सांताक्रुझच्या एखाद्या छोट्या प्रिव्ह्यू थिएटरात होतो. इथे जे बिघडते ते जवळजवळ नेहमी तांत्रिक असते आणि दोष दिग्दर्शकाच्या माथी येतो. डीसीपी (थिएटरात दाखवायची चित्रपटाची डिजिटल प्रत) कुलूपबंद असेल तर ती उघडणारी केडीएम ही किल्लीसारखी फाइल ठरलेल्या सर्व्हरवर, ठरलेल्या तासांतच चालते. सर्व्हरचा क्रमांक चुकला की खेळ लॅपटॉपवरून दाखवावा लागतो आणि रात्रीच्या प्रसंगांत राखाडी धुके दिसते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली चित्र फडफडू नये यासाठी अनेक जण सेकंदाला २५ फ्रेम घेतात. जुना सर्व्हर २५ स्वीकारत नाही. फाइल तशीच २४ वर उतरवली की १०० मिनिटांचा चित्रपट १०४ मिनिटे १० सेकंदांचा होतो, आवाज किंचित जड होतो. मग परीक्षणात ‘लय सैल’ येते, आणि ते खोटेही नसते. इलाज एकच : आदल्या दिवशी त्याच थिएटरात पूर्ण चित्रपट चालवून पाहणे, निदान पहिले आणि शेवटचे रीळभर तरी.

आवाजाची तक्रार सर्वांत जुनी. हेडफोनवर मिक्स केलेल्या चित्रपटात संवाद पार्श्वसंगीताच्या पोटात जातात. थिएटरच्या ध्वनी-प्रोसेसरवर आवाजाची प्रमाण पातळी ७ असते; ऑपरेटर ती ५ वर आणतो, आणि कुजबुजीत सांगितलेला कट कोणालाच ऐकू येत नाही.

मुंबईचा समीक्षक आणखी एक गोष्ट पकडतो : शहर. बॅलार्ड इस्टेट आणि फोर्टमध्ये रविवारी सकाळी गर्दी नसते, म्हणून फुकटात उरकायची दृश्ये तेव्हा घेतली जातात. कथेत अधिवेशन चालू, मंत्र्याची गाडी धावते आहे आणि मागे सगळी शटरे खाली. पंधरा मित्रांचा मोर्चाही असाच उघडा पडतो. जाणते दिग्दर्शक मोर्चा दाखवतच नाहीत. बंद खिडकीबाहेर घोषणा ऐकवतात, आणि परीक्षणांत नेमक्या याच जागांचे कौतुक होते.

मराठी चित्रपटाच्या वाट्याला शिवाय ‘सिंहासन’ (१९७९) येतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन आणि निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस यांच्याशी तुलना करणे हा परीक्षणलेखनातला आळस आहे, कारण ते सत्तेचे चित्र होते. आजचे छोटे थरारपट बहुधा सत्तेच्या दाराबाहेर उभ्या माणसाचे असतात. दुसरा आळस म्हणजे भूमिकेला गुण देणे. चित्रपट आपल्या बाजूचा असेल तर ‘धाडसी’, नसेल तर ‘प्रचारकी’. कॅमेरा कुठे ठेवला याबद्दल अवाक्षर नाही. ‘एवढ्या कमी पैशांत’ म्हणून दिलेला अर्धा तारा चित्रपटाच्या पोस्टरवर छान दिसतो, तिकीट काढणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग नाही.

परीक्षण-संकलक संकेतस्थळांवरील टक्केवारी इथे फसवी ठरते. रॉटन टोमॅटोजचा आकडा सरासरी गुण सांगत नाही, अनुकूल परीक्षणांचे प्रमाण सांगतो. एकूण आठ परीक्षणे, त्यांतली सहा अनुकूल, म्हणजे ७५ टक्के. नववे प्रतिकूल आले की थेट ६७. मोठ्या चित्रपटाच्या शंभर परीक्षणांत एका मताने एखादा टक्का हलतो. म्हणून ओटीटीच्या खरेदीदाराला दाखवताना आकड्याऐवजी दोन सविस्तर परीक्षणांची कात्रणे पाठवणे अनुभवी निर्माते पसंत करतात.