स्टिरॉइडने कुणाचा कान परत येतो?

थुंकीची नळी कुरिअरने पाठवा आणि स्वतःच्या प्रतिकारशक्तीची जनुकीय कुंडली मिळवा, अशा जाहिराती हल्ली फोनवर सारख्या येतात. त्या वाचल्या की मला कानाचा एक दुर्मीळ आजार आठवतो. त्याच्यापुढे असली कुंडली साफ तोकडी पडते.

1979 साली अमेरिकेतले कानतज्ज्ञ ब्रायन मॅकेब यांनी 18 रुग्णांची हकिकत छापली. त्यांचं ऐकणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरत गेलं होतं, बहुतेकांचं दोन्ही कानांचं. नसेचा बहिरेपणा म्हटलं की डॉक्टर हात टेकतात. इथे मात्र प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी कान सुधारत होते. म्हणजे शरीराची फौज स्वतःच्याच आंतरकर्णावर (कानाच्या सर्वांत आतल्या भागावर) उलटली होती. आजही स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करून काही आठवड्यांनी पुन्हा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढतात. काहींची रेघ वर सरकते, काहींची तसूभरही हलत नाही.

हा फरक का? पहिला संशय गेला एचएलए जनुकांवर. सहाव्या गुणसूत्रावरची ही जनुकं पेशींना ओळखपत्रं देतात. रुग्णांच्या छोट्या गटांत यातले काही प्रकार जास्त दिसलेही. पण यातला एचएलए-बी27 हा प्रकार कण्याच्या एका दाहक आजाराशी जोडलेला असला, तरी तो असलेल्या बहुसंख्य लोकांचा कणा आयुष्यभर ठणठणीत राहतो, हे विसरू नये. धोका वाढणं वेगळं आणि आजार होणं वेगळं. बरं होणं तर आणखी निराळं.

खरी गंमत पुढे आहे. पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-1 बीटा नावाचं प्रथिन सोडतात. ते दुसऱ्या पेशीवरच्या पहिल्या प्रकारच्या ग्राहीला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, त्याला एक जोडीदार प्रथिन येऊन मिळतं, दोघांच्या पेशीतल्या शेपट्या जवळ येतात आणि दाह पेटवणारी जनुकं सुरू होतात. दुसऱ्या प्रकारचा ग्राही बाहेरून तसाच दिसतो, पण आतली शेपटी जवळपास नाहीच. दारावर बेल आहे, वायरच नाही! इंटरल्यूकिन येऊन चिकटतं, घरात काहीच वाजत नाही. हा तोतया पेशींवर जितका जास्त, तितकं खऱ्या ग्राहीच्या वाट्याला इंटरल्यूकिन कमी. स्टिरॉइड नेमकं या तोतयाचं उत्पादन वाढवतं. न्यूयॉर्कच्या आंद्रेया व्हाम्बुटास यांच्या गटाने 2009 मध्ये रुग्णांच्या रक्तपेशींवर प्रयोगशाळेत स्टिरॉइड टाकून पाहिलं. ज्यांचे कान औषधाने सुधारले होते, त्यांच्या पेशींनी पृष्ठभागावर बसणारा तोतया बनवला. एकाच जनुकाच्या संदेशाची काटछाट दोन तऱ्हांनी होते. एका तऱ्हेने ग्राही पेशीवर बसतो, दुसरीने मोकळा सुटतो. इथे जनुक असणं पुरत नाही, औषध पोचल्यावर पेशी त्याचं काय करते हे पाहावं लागतं. थुंकीच्या नळीत ते कुठून दिसणार?

(आणि कानात लसणाचं कोमट तेल घालणाऱ्यांनो, ते पडद्याच्या अलीकडेच राहतं. हा आजार पडद्याच्या कितीतरी पलीकडे, हाडाच्या आत असतो. ऐकणं झपाट्याने उतरत असेल तर तेलात आठवडा घालवू नका. आंतरकर्णातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.)

मग स्टिरॉइडला दाद न देणाऱ्यांचं काय? त्याच गटाने अशा दहा जणांना अ‍ॅनाकिन्रा दिलं. हे इंजेक्शन तोतयाची वाट न पाहता खरा ग्राहीच अडवून बसतं. 2014 मध्ये छापलेल्या निकालात दहापैकी सात जणांचं ऐकणं सुधारलं होतं. तुलनेसाठी खोटं औषध दिलेला गट मात्र त्यात नव्हता.