फेलनीचं दप्तर काउंटीतच का राहिलं

अमेरिकेत एखाद्यावर फेलनीचा खटला झाला होता का, हे शोधायचं तर आधी काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, माहीत असावी लागते. फेलनी म्हणजे ढोबळमानाने एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल असा गुन्हा. असे बहुतेक खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात आणि त्यांचे कागद त्या त्या काउंटीच्या कोर्टात राहतात. केंद्रीय न्यायालयांसाठी 1988 पासून 'पेसर' ही संगणकीय सोय आहे, पण राज्यांतले खटले तिच्यात नाहीत. एफबीआयकडे बोटांच्या ठशांवरून जोडलेली देशभरची नोंद आहे, ती सर्वसामान्यांना खुली नाही. म्हणून दूरच्या, शेतीवाडीच्या काउंटीतला खटला हवा असेल तर शेवटी तिथल्या क्लर्कची खिडकी गाठावी लागते. हे असं का झालं, ते व्हर्जिनिया राज्यात फार स्वच्छ दिसतं. म्हणून तिथलीच हकिगत सांगते.

1634 मध्ये इंग्रजांनी या वसाहतीचे आठ शायर, म्हणजे इंग्रजी धर्तीचे जिल्हे, पाडले, त्यांच्याच पुढे काउंट्या झाल्या. चेसापीकचा उपसागर आणि अटलांटिक यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर नॉर्दॅम्प्टन काउंटी आहे. वस्ती जेमतेम 12 हजार, कचेरीचं गाव ईस्टव्हिल. या काउंटीच्या कोर्टाच्या वह्या 1632 पासून सलग टिकल्या आहेत. अमेरिकेत याहून जुनं अखंड काउंटी-दप्तर नाही.

पण त्या काळच्या दप्तरात सगळ्यांच्या फेलनी सापडतील असं समजणारा फसतो. मुक्त माणसावर जिवावर बेतणारा आरोप आला की काउंटीचे न्यायाधीश फक्त प्राथमिक चौकशी करत. तथ्य दिसलं तर आरोपीला राजधानीच्या जनरल कोर्टाकडे पाठवत आणि खरा खटला तिथे चाले. गुलामांसाठी 1692 मध्ये वेगळा कायदा झाला. त्यांचा खटला काउंटीतच, ज्यूरीशिवाय, गव्हर्नरने नेमलेल्या स्थानिक न्यायाधीशांपुढे उभा राही. त्यामुळे गुलामांच्या खटल्यांच्या नोंदी गावात राहिल्या आणि मुक्त माणसांच्या राजधानीत गेल्या.

या नोंदी असतात थोडक्यात. न्यायाधीशांची नावं, आरोप, साक्षी, निकाल. फाशी झाली असेल तर पुढे आणखी एक आकडा येतो, तो म्हणजे फासावर जाणाऱ्याची किंमत. मालकाचं नुकसान सरकारी तिजोरीतून भरून द्यायचं, म्हणून शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांनीच ती ठरवायची असा कायदा होता. माणसाचं बहुधा एकच नाव, आडनाव नाही, आणि त्याच्यासमोर पौंडांतली रक्कम. कोर्टाचं दप्तर खुलं असावं असं मी म्हणते तेव्हा माझ्या मनात हा आकडा असतो. पणजोबांच्याही मागचं कुळ शोधणाऱ्या कृष्णवर्णीय घराण्यांना कित्येकदा आपल्या माणसाचा तेवढाच लेखी माग लागतो.

स्वातंत्र्यानंतर फेलनीचे खटले हळूहळू गावाजवळ आले. 1809 पासून दर काउंटीत वरिष्ठ न्यायालय भरू लागलं, 1850 च्या दशकात त्याचं सर्किट कोर्ट झालं आणि 1904 मध्ये जुनी काउंटी कोर्टं बंद झाली. आज फेलनीचा खटला सर्किट कोर्टातच चालतो. त्याचा क्लर्क लोकांनी आठ वर्षांसाठी निवडून दिलेला असतो आणि दप्तर त्याच्या ताब्यात असतं.

मधल्या काळात एक आग लागली. यादवी युद्धात कागद सुरक्षित राहावेत म्हणून अनेक काउंट्यांनी आपलं दप्तर राजधानी रिचमंडला हलवलं होतं. 3 एप्रिल 1865 ला दक्षिणेच्या सैन्याने शहर सोडताना लावलेली आग पसरली आणि ते दप्तर जळालं. जनरल कोर्टाचे कागदही त्यातच गेले. रिचमंडच्या उत्तरेला असलेल्या हनोव्हर काउंटीची बहुतेक जुनी नोंद अशीच नष्ट झाली. नॉर्दॅम्प्टनची पट्टी 1861 मध्येच उत्तरेच्या सैन्याच्या हाती गेली होती, तिथल्या वह्या वाचल्या. जपून ठेवायला नेलेलं जळावं आणि जागच्या जागी राहिलेलं तगावं, याची हळहळ वंशावळी शोधणाऱ्यांना आजही वाटते.

त्याच हनोव्हरमध्ये पुढे कोर्टाच्या उघडेपणाचा मोठा प्रश्न उभा राहिला. 1975 मध्ये एका हॉटेल व्यवस्थापकाचा भोसकून खून झाला. आरोपीला शिक्षा झाली, वरच्या न्यायालयाने ती रद्द केली, मग दोन खटले अर्ध्यावर मोडले. सप्टेंबर 1978 मध्ये चौथ्या खेपेला बचावाच्या वकिलाने दालन रिकामं करायची विनंती केली. सरकारी वकिलाने हरकत घेतली नाही आणि वार्ताहरांना बाहेर काढण्यात आलं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी सरकारचा पुरावा बाजूला ठेवून आरोपीला सोडलं. चार वेळा उभा राहिलेला खुनाचा खटला बंद दाराआड संपला.

रिचमंडच्या वृत्तपत्र कंपनीने दाद मागितली. 2 जुलै 1980 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सबळ कारण नोंदवल्याशिवाय फौजदारी खटला लोकांना बंद करता येणार नाही, असा निकाल दिला. आपल्याकडच्या वाचकाला इथे 1966 चा मिराजकर खटला आठवेल. एका साक्षीदाराची जबानी छापायला मुंबई उच्च न्यायालयाने केलेली मनाई आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने उचलून धरली होती. मला हनोव्हरचा निकाल जास्त पटतो.

कागदांचा प्रश्न त्याआधीच, 1978 मध्ये येऊन गेला होता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितींच्या प्रकरणात न्यायालयाचे कागद पाहण्याचा आणि नक्कल घेण्याचा लोकांचा जुना हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, मात्र त्याला मर्यादा आहेत असंही बजावलं. ग्रामीण काउंटीच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा निकाल 1989 चा. पत्रकारांनी एफबीआयकडे एका माणसाची गुन्ह्यांची एकत्रित यादी मागितली होती. त्यातल्या नोंदी कुठल्या ना कुठल्या कचेरीत उघड्याच आहेत, मग यादी का नको, हा त्यांचा मुद्दा. न्यायालय म्हणालं, गावोगावच्या कोर्टांत खटपट करून मिळणारे कागद आणि एका जागी संगणकात तयार असलेला गोषवारा, यांत फार मोठा फरक आहे. यादी मिळाली नाही. कागद खुले राहिले, पण अंतर हाच त्यांचा आडपडदा ठरला.

व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार सर्किट कोर्टाचं दप्तर कुणालाही पाहता येतं आणि नकलेला पानामागे 50 सेंट पडतात. तुम्ही कोण, कशासाठी हवं, याचं प्रतिज्ञापत्र लागत नाही. आपल्याकडे तिऱ्हाइताला नक्कल हवी असेल तर उच्च न्यायालयांच्या नियमांप्रमाणे कारण देऊन अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी माहितीचा अधिकार वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवलं. तिकडे खटल्याचा क्रमांक, आरोप, तारखा आणि निकाल इंटरनेटवरही दिसतात. क्रमांक सीआर या अक्षरांनी सुरू होतो, पुढचे दोन अंक वर्षाचे. प्रत्यक्ष कागद मात्र सर्वसामान्य माणसाला खिडकीशीच मागावे लागतात. त्या फाइलमध्ये अटकेचं वॉरंट, ग्रँड ज्यूरीचं (खटला चालवावा का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं) आरोपपत्र, कबुलीचा फॉर्म आणि शिक्षेचा हुकूम असतो. शिक्षेआधी आरोपीच्या घरच्या परिस्थितीवर केलेला अहवाल मोहोरबंद राहतो, आणि तसाच राहावा.

शोधणाऱ्याला दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. व्हर्जिनियातली 38 शहरं कुठल्याच काउंटीत मोडत नाहीत, त्यामुळे पत्त्यावर एक नाव आणि खटला दुसऱ्याच कोर्टात असं होतं. दुसरं म्हणजे आरोपाचं नाव त्या वर्षाच्या कायद्यावर तोलावं लागतं. 2018 पर्यंत 200 डॉलरची चोरी तिथे फेलनी होती, मग ही मर्यादा 500 झाली आणि 2020 मध्ये 1000. म्हणजे 1998 मध्ये तीनशे डॉलरचा माल उचलणाऱ्याच्या नावापुढे आजही फेलनी लिहिलेलं असतं. काही जुन्या शिक्षांच्या नोंदी मोहोरबंद करण्याचा कायदा व्हर्जिनियाने 2021 मध्ये केला खरा, पण त्याची अंमलबजावणी ठरलेल्या तारखेवरून लांबणीवर गेली.